टॅबलेट वायफायला जोडलेला दिसतो, पण इंटरनेट चालत नाही: दोष कुठे शोधावा?

वैदेही_स

नमस्कार. घरात माझ्या सासऱ्यांचा एक अँड्रॉइड टॅबलेट आहे. गेल्या आठवड्यात आम्ही राउटर बदलला आणि त्या दिवसापासून या टॅबलेटवर काहीही उघडत नाही. वायफायच्या चिन्हातल्या रेघा पूर्ण भरलेल्या असतात, सेटिंग्जमध्ये आमच्या नेटवर्कचे नाव सर्वांत वर असते, पण त्या नावाखाली 'कनेक्ट केले आहे, इंटरनेट नाही' अशी ओळ येते. त्याच खोलीत, त्याच वेळी माझा फोन आणि लॅपटॉप व्यवस्थित चालतात.

टॅबलेट दोनदा बंद करून सुरू केला, राउटर काही मिनिटे बंद ठेवला, टॅबलेट राउटरच्या शेजारी नेऊन पाहिला. फरक पडला नाही. बाबांची नजर अधू झाल्यामुळे फोनच्या लहान पडद्यावर त्यांना वाचता येत नाही, आणि रोज रात्री नातीशी व्हिडिओवर होणारे त्यांचे बोलणे आठवडाभर बंद पडले आहे. टॅबलेटच बिघडला असे धरून नवा घ्यावा, असे घरात बाकी सर्वांचे मत आहे; मला ते पटत नाही. दोष कोणत्या क्रमाने शोधावा हे जाणकारांनी कृपया सांगावे. नुसता उपाय नको, कारणही समजून घ्यायचे आहे.

तडफ

वायफायच्या यादीत आपल्या नेटवर्कच्या नावावर जा, 'विसरा' निवडा आणि पासवर्ड टाकून पुन्हा जोडा. बहुतेक वेळा एवढ्यावर काम होते.

तारायंत्री

तडफ यांचा उपाय चुकीचा नाही, पण तो लगेच करू नका अशी माझी विनंती आहे. 'विसरा' म्हटले की त्या नेटवर्कविषयी टॅबलेटने जपून ठेवलेली सगळी माहिती पुसली जाते आणि तिच्याबरोबर दोषाचा मागही पुसला जातो. तुम्हाला कारण हवे आहे, म्हणून आधी पाहू आणि मग पुसू.

टॅबलेट पडद्यावर जे वाक्य दाखवतो ते अक्षरशः वाचावे, कारण जोडणी टप्प्याटप्प्याने होते आणि प्रत्येक टप्प्यावर अडल्याचे वाक्य वेगळे असते. नेटवर्कचे नाव यादीत दिसतच नसेल, तर प्रश्न लहरींचा आहे: अंतर, भिंती किंवा टॅबलेटला न कळणारी वारंवारता. नाव दिसते पण पासवर्ड नाकारला जातो, तर प्रश्न ओळख पटण्याचा आहे. 'आयपी पत्ता मिळवत आहे' असे दाखवत तो तिथेच घुटमळत असेल, तर राउटर त्याला घरातला पत्ता देत नाही. आणि जोडला गेला पण इंटरनेट नाही, तर पहिल्या दोन पायऱ्या ओलांडून झाल्या आहेत. अडचण पत्त्यात आहे, राउटरच्या पलीकडे आहे, किंवा नावावरून संकेतस्थळाचा पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएसमध्ये आहे.

तुमच्या बाबतीत फोन आणि लॅपटॉप चालतात, म्हणजे राउटरच्या पलीकडचा मार्ग मोकळा आहे. रेघा भरलेल्या आहेत, म्हणजे लहरी पोहोचत आहेत. पासवर्ड चुकीचा असता तर जोडणीच झाली नसती. म्हणून राउटर पुन्हापुन्हा बंद करणे किंवा टॅबलेट घरभर फिरवणे आता थांबवा. टॅबलेटवर नेटवर्कच्या नावाशेजारच्या दातेरी चाकाच्या चिन्हावर जा आणि तिथला तपशील इथे लिहा: आयपी पत्ता, गेटवे (म्हणजे बाहेर जाण्याचे दार, राउटरचा पत्ता) आणि डीएनएस. फोनवर तोच तपशील उघडा आणि दोन्ही शेजारीशेजारी मांडा. १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते केवळ घरातल्या नेटवर्कापुरते असतात, त्यामुळे ते इथे लिहिण्यात धोका नाही. पासवर्ड मात्र लिहू नका.

अंतरा_म

तपशील पाहताना टॅबलेटवरची तारीखही पाहा. माझ्या आईचा टॅबलेट काही महिने कपाटात पडून होता आणि त्याची बॅटरी पूर्ण उतरली होती. चार्ज केल्यावर तो वायफायला जोडला गेला, पण एकही संकेतस्थळ उघडेना. प्रत्येक ठिकाणी 'ही जोडणी सुरक्षित नाही' अशी सूचना येत होती. दोन दिवस मी राउटरच्या मागे लागले होते. शेवटी आईनेच विचारले, "यावर तारीख अशी जुनी का दिसते?" घड्याळ कित्येक वर्षे मागे गेले होते.

सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. टॅबलेटचे घड्याळ मागे असेल, तर त्याच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले नसते आणि तो ते नाकारतो. घड्याळ एरवी इंटरनेटवरून आपोआप जुळते, पण आईच्या टॅबलेटवर तो पर्याय कोणीतरी बंद केलेला होता. तारीख हाताने बरोबर लावली आणि लगेच सारे सुरू झाले.

निरभ्र

सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क सेटिंग्ज रीसेट करा' असा पर्याय असतो. तो एकदाच वापरावा आणि मोकळे व्हावे. इतके तपशील सामान्य माणसाने का पाहावेत, हे मला खरोखर समजत नाही.

जुई

निरभ्र, तो पर्याय शेवटचा ठेवावा असे मला वाटते. त्याने केवळ हे एक नेटवर्क जात नाही, टॅबलेटने आजवर साठवलेली सगळी वायफाय नेटवर्के आणि त्यांचे पासवर्ड जातात. अँड्रॉइडवर जोडलेली ब्लूटूथ उपकरणेही त्याबरोबर जातात आणि आयपॅडवर व्हीपीएनची मांडणी पुसली जाते. सासऱ्यांची श्रवणयंत्रे ब्लूटूथने जोडलेली असतील, तर एका दोषाचे दोन होतील. फोटो आणि अ‍ॅप मात्र शाबूत राहतात, हे भीती वाटणाऱ्यांसाठी सांगून ठेवते.

वैदेही_स

सर्वांचे मनापासून आभार. जुई, तुम्ही अगदी नेमके ओळखलेत. बाबांचे श्रवणयंत्र खरोखरच या टॅबलेटला ब्लूटूथने जोडलेले आहे, त्यामुळे रीसेट केले नाही याचे मला हायसे वाटले. तारीख आणि वेळ बरोबर आहेत.

तपशील असा आहे. टॅबलेटवर आयपी पत्ता १९२.१६८.०.४५ आहे आणि गेटवे १९२.१६८.०.१ आहे. माझ्या फोनवर आयपी पत्ता १९२.१६८.१.१०७ आहे आणि गेटवे १९२.१६८.१.१ आहे. एक गोष्ट आधी सांगायची राहिली: राउटर बदलताना आम्ही नव्या राउटरला मुद्दाम जुनेच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला, म्हणजे प्रत्येक उपकरणावर पासवर्ड पुन्हा टाकत बसावे लागणार नाही.

तारायंत्री

वैदेही, दोष सापडला. दोन्ही पत्त्यांतला तिसरा आकडा पाहा. फोनवर तो १ आहे आणि टॅबलेटवर ० आहे. म्हणजे फोन नव्या राउटरच्या घरात राहतो आणि टॅबलेट अजून जुन्याच राउटरच्या पत्त्यावर राहतो. त्याला इंटरनेटवर काही पाठवायचे असले की तो ते १९२.१६८.०.१ या दारातून पाठवू पाहतो, आणि ते दार तुम्ही गेल्या आठवड्यात काढून टाकले आहे.

एरवी असे होत नाही, कारण उपकरण जोडले गेले की राउटर त्याला डीएचसीपी नावाच्या पद्धतीने नवा पत्ता, गेटवे आणि डीएनएस स्वतः देतो. टॅबलेट तो घेत नाही, याचा अर्थ कधीकाळी कोणीतरी या नेटवर्कासाठी त्याच्यात पत्ता हाताने भरून ठेवला आहे. नेटवर्कच्या तपशिलात पेन्सिलीचे चिन्ह असते, त्यातून प्रगत पर्यायांत जा आणि 'आयपी सेटिंग्ज' पाहा. तिथे 'स्टॅटिक' असे निवडलेले आढळेल, अशी माझी जवळजवळ खात्री आहे. ते बदलून 'डीएचसीपी' करा आणि साठवा. पासवर्ड पुन्हा विचारला, तर तो टाका.

तुम्ही नव्या राउटरला वेगळे नाव दिले असते, तर टॅबलेटने त्याला अनोळखी नेटवर्क समजून पत्ता नव्याने मागितला असता. नाव आणि पासवर्ड तेच राहिल्यामुळे त्याने जुनी नोंद जशीच्या तशी वापरली. नाव तेच ठेवण्यात तुमची काही चूक झालेली नाही. मीही तसेच करतो.

तडफ

म्हणजे मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलेल्या उपायाने हेच झाले असते. 'विसरा' म्हटल्यावर हाताने भरलेला पत्ताही पुसला गेला असता आणि टॅबलेट मिनिटभरात सुरू झाला असता. आठवडाभर नातीशी बोलू न शकलेल्या माणसाला कारणापेक्षा जोडणी अधिक महत्त्वाची असते, असे माझे प्रामाणिक मत आहे.

तारायंत्री

तडफ, तुमच्या उपायाने टॅबलेट सुरू झाला असता हे मी मान्य करतो, आणि घाईच्या वेळी मीही तोच करीन. पण ज्याने टॅबलेटमध्ये पत्ता हाताने भरला, त्याने घरातल्या आणखी एखाद्या उपकरणातही तो भरलेला असू शकतो. वैदेही, घरात प्रिंटर किंवा कॅमेरा असेल आणि तोही त्याच दिवसापासून बंद असेल, तर हे कारण कळल्याशिवाय त्याचा उलगडा होणार नाही.

धृपद

मूळ प्रश्नाचे उत्तर मिळाले आहे, म्हणून माझा प्रश्न इथेच विचारतो. माझ्या आयपॅडवर उलटी स्थिती आहे: नेटवर्क दिसते, पण पासवर्ड चुकीचा असल्याचे सांगितले जाते. तोच पासवर्ड फोनवर चालतो. मी तो किमान वीस वेळा टाकला आहे.

चौकस

धृपद, पासवर्ड टाकताना डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारा, म्हणजे ठिपक्यांऐवजी अक्षरे दिसतील. लहान-मोठी अक्षरे वेगळी धरली जातात, आणि दुसरीकडून नकलून चिकटवलेल्या पासवर्डाच्या शेवटी एखादी रिकामी जागा येते, जी डोळ्यांना दिसत नाही. डब्ल्यूपीए२ या वायफायच्या सुरक्षा-प्रकाराच्या पासवर्डात ८ ते ६३ चिन्हे चालतात आणि रिकामी जागाही त्यांतलेच एक चिन्ह आहे. शून्य आणि ओ, एक आणि एल यांची अदलाबदल तर नेहमीचीच आहे.

आता कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट सांगतो. डब्ल्यूपीए२मध्ये पासवर्ड हवेतून पाठवला जातच नाही. टॅबलेट आणि राउटर दोघेही पासवर्ड आणि नेटवर्कचे नाव एकत्र घेऊन स्वतंत्रपणे एक किल्ली तयार करतात आणि चार निरोपांच्या देवाणघेवाणीतून दोघांकडे तीच किल्ली आहे का, ते पडताळतात. ही देवाणघेवाण अर्धवट राहिली की टॅबलेट अनुमान काढतो की पासवर्ड चुकला असावा. पण लहरी क्षीण असल्यामुळे निरोप गहाळ झाला, तरी त्याला तसेच वाटू शकते. म्हणून राउटरच्या खोलीत जाऊन एकदा प्रयत्न करा. तिथे चालला, तर पासवर्ड बरोबर आहे आणि दोष अंतराचा आहे.

तिथेही चालला नाही, तर राउटरवर सुरक्षेचा प्रकार कोणता निवडला आहे ते पाहा. डब्ल्यूपीए३ हा प्रकार २०१८मध्ये आला. केवळ तोच निवडला असेल, तर जुन्या टॅबलेटला तो कळत नाही. डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ एकत्र चालण्याचा मिश्र पर्याय असतो, तो निवडावा. त्या मिश्र पर्यायावरही अडखळणारी काही जुनी उपकरणे मी पाहिली आहेत. त्यांच्यासाठी राउटरवर पाहुण्यांचे वेगळे नेटवर्क सुरू करून त्याला निव्वळ डब्ल्यूपीए२ ठेवणे बरे पडते. डब्ल्यूईपी हा जुना प्रकार मात्र कोणत्याही परिस्थितीत निवडू नका; ते २००१पासून फुटलेले कुलूप आहे.

धृपद

राउटरच्या खोलीत पहिल्याच प्रयत्नात जोडला गेला. मी वीस वेळा पासवर्ड टाकला तो वरच्या मजल्यावर बसून. चौकस, आपला अत्यंत आभारी आहे. आता वरच्या मजल्यावर लहरी का पोहोचत नाहीत, हे कोणी सांगेल का? आयपॅडवर तिथे दोन रेघा दिसतात.

रानवारा

धृपद, रेघा अर्धीच गोष्ट सांगतात. राउटरचा आवाज टॅबलेटला किती ऐकू येतो, तेवढेच रेघांवरून कळते. टॅबलेटचा आवाज राउटरला किती ऐकू जातो, ते त्यांत दिसत नाही. राउटर मोठ्याने बोलतो. टॅबलेट बॅटरी वाचवण्यासाठी हळू बोलतो. म्हणून दोन रेघा दिसत असतानाही टॅबलेटचे उत्तर खालच्या मजल्यापर्यंत पोहोचलेले नसते.

मी गेल्या महिन्यात घरात याची मोजणी केली, ती सांगते. माझ्याकडे अँड्रॉइड टॅबलेट आहे. लहरींचे बळ डीबीएम या एककात दाखवणारे एक अ‍ॅप त्यावर घेतले आणि वही-पेन्सिल घेऊन खोल्याखोल्यांतून हिंडले. राउटरपासून दोन पावलांवर उणे ४८ दिसले. बैठकीच्या दारात उणे ६३ आले. झोपण्याच्या खोलीत पलंगाच्या उशाशी, जिथे मी रोज रात्री वाचते, तिथे आकडा उणे ८१वर गेला. दर ३ डीबीएमला बळ निम्मे होते, म्हणजे उशाशी राउटरजवळच्या तुलनेत साधारण दोन हजारावा भाग एवढेच बळ उरले होते. खोली लांब नव्हती. मधे लोखंडी कपाट होते आणि त्याला उभा आरसा होता. धातू या लहरी अडवतो, आणि आरशाच्या पाठीला धातूचाच पातळ थर असतो. मी पलंगाच्या दुसऱ्या टोकाला, कपाटाच्या सावलीबाहेर बसले आणि आकडा उणे ६९ झाला. जागा जेमतेम सात फूट बदलली होती.

राउटर टीव्हीच्या मागे, जमिनीलगत किंवा बंद कपाटात ठेवू नये. उंच, उघड्यावर आणि घराच्या मध्याकडे ठेवावा. धृपद, आपल्या राउटरला अँटेनाच्या दांड्या असतील, तर त्यांतली एक आडवी करून पाहा. उभ्या दांडीच्या लहरी बाजूंना पसरतात आणि थेट वर कमी जातात.

जुई

रानवारा, फारच उपयुक्त प्रतिसाद. त्याला एक जोड देते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून तुलनेने बऱ्या जातात, पण तिथे गर्दी फार असते. ५ गिगाहर्ट्झवर वेग अधिक मिळतो, पण दोन भिंती ओलांडल्या की त्या थकतात. राउटरने दोन्हींना एकच नाव दिलेले असेल, तर वरच्या मजल्यावर गेलेला आयपॅड बऱ्याचदा क्षीण झालेल्या ५ गिगाहर्ट्झलाच चिकटून राहतो. दोन्हींची नावे वेगळी करून वरच्या मजल्यावर २.४चे नाव निवडावे. काही स्वस्त आणि जुन्या टॅबलेटना तर ५ गिगाहर्ट्झ कळतच नाही, त्यामुळे 'शेजारच्या फोनवर नेटवर्क दिसते आणि टॅबलेटवर दिसतच नाही' अशी तक्रार आली की मी आधी हेच पाहते.

निरभ्र

२.४च्या गर्दीला उपाय काय? रात्री आठनंतर माझ्या टॅबलेटवरचे व्हिडिओ थांबत थांबत चालतात.

चौकस

निरभ्र, आधी एक चाचणी करा. रात्री आठनंतर राउटरला केबलने जोडलेल्या संगणकावर वेग मोजा. तिथेही तो कमी असेल, तर सेवा देणाऱ्याकडेच त्या वेळी भार वाढतो, आणि वायफायशी कितीही झटापट केली तरी उपयोग नाही. केबलवर वेग ठीक असेल, तर मात्र लहरींची गर्दी हे कारण धरावे.

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनेल जवळजवळ, ५ मेगाहर्ट्झच्या अंतराने आहेत, पण एका जोडणीला किमान २० मेगाहर्ट्झची रुंदी लागते. त्यामुळे एकमेकांवर न चढणारी चॅनेल बहुतेक ठिकाणी तीनच धरली जातात: १, ६ आणि ११. शेजाऱ्यांची नेटवर्के कोणत्या चॅनेलवर आहेत ते अ‍ॅपमध्ये पाहून या तिघांतले सर्वांत मोकळे निवडावे. ३ किंवा ४ निवडून 'मधली रिकामी जागा' पकडू नये, कारण मग दोन्ही बाजूंचा त्रास होतो. रुंदी २०वरच ठेवावी. मायक्रोवेव्ह ओव्हन साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, त्यामुळे तो सुरू असताना जोडणी अडखळली तर ते कारण समजावे. यूएसबी ३ची हार्ड डिस्क किंवा तिची केबल राउटरला खेटून असेल, तर तीही याच पट्ट्यात गोंगाट करते. ती हातभर दूर ठेवावी.

अंतरा_म

चौकस, ५ गिगाहर्ट्झवर असूनही माझा टॅबलेट दिवसातून एखाद्या वेळी अचानक तुटतो आणि मिनिटाभराने पुन्हा आपोआप जोडला जातो. मी विमानतळाजवळ राहते, त्याचा काही संबंध असेल का?

चौकस

संबंध असू शकतो. ५ गिगाहर्ट्झमधली ५२पासून १४४पर्यंतची चॅनेल रडारबरोबर वाटून घेतलेली आहेत. तिथे रडारची चाहूल लागली की राउटरने ते चॅनेल तत्काळ सोडायचे असा नियम आहे. त्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या चॅनेलवर गेला, तरी बोलायला लागण्याआधी त्याने साधारणपणे ६० सेकंद नुसते ऐकायचे असते. तुमचे 'मिनिटाभराने' हे शब्द वाचून मला तीच शंका आली. राउटरवर ३६, ४०, ४४ किंवा ४८ यांपैकी एक चॅनेल कायमचे निवडून आठवडाभर पाहा.

तडफ

एक वेगळा अनुभव सांगतो. माझी मुलगी वसतिगृहात राहते. तिथल्या नेटवर्कावर प्रत्येक उपकरणाचा मॅक पत्ता, म्हणजे त्याची कारखान्यातच दिलेली ओळख, नोंदवावा लागतो. तिने टॅबलेटच्या डब्यावर छापलेला मॅक पत्ता दिला आणि तरीही तिला प्रवेश मिळेना. व्यवस्थापक म्हणत राहिले की नोंद झालेली आहे, आणि ती म्हणत राहिली की टॅबलेट जोडला जात नाही. दोघेही खरे बोलत होते. अँड्रॉइड १०पासून, आणि आयपॅडवर २०२०च्या चौदाव्या आवृत्तीपासून, टॅबलेट प्रत्येक नेटवर्कला आपला खरा मॅक पत्ता न सांगता एक बनवलेला पत्ता सांगतो, म्हणजे कोणाला त्याचा माग काढता येऊ नये. त्या एका नेटवर्कापुरता 'उपकरणाचा मॅक वापरा' हा पर्याय निवडला आणि काम झाले. आयपॅडवर याचे नाव 'खासगी वायफाय पत्ता' असे आहे आणि तो तिथे बंद करायचा असतो. इथे 'विसरा' म्हणून उपयोग झाला नव्हता, हे तारायंत्री यांच्या बाजूने नोंदवतो.

तारायंत्री

तडफ, मनापासून धन्यवाद.

रानवारा

थोडे अवांतर, पण मराठी माणसाला उपयोगी आहे. मी माझ्या नेटवर्कला देवनागरीत नाव दिले आहे आणि यादीत ते पाहताना मला रोज आनंद होतो. पण नावाची मर्यादा ३२ बाइटची असते, आणि देवनागरीतले प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रा-वेलांट्यांसह, ३ बाइट घेते. म्हणजे दहाच चिन्हे मावतात. 'रानवारा' या नावातच सात खर्ची पडतात. माझ्या एका जुन्या टॅबलेटवर हे नाव चौकोनांच्या रांगेसारखे दिसत असे, तरी जोडणी मात्र नीट होत असे. नाव वाचता आले नाही म्हणजे नेटवर्क बिघडले असे समजू नये.

जुई

रानवारा, सुंदर माहिती. नेटवर्कचे नाव लपवून ठेवणाऱ्यांसाठीही एक सूचना करते. लपवल्याने सुरक्षा वाढत नाही. उलट टॅबलेट जिथे जाईल तिथे त्या नावाने हाका मारत राहतो, आणि जोडणी तुटल्यावर पुन्हा जुळायला त्रास होतो. राउटरवरचे डब्ल्यूपीएस बटण (पासवर्ड न टाकता जोडण्याची सोय) दाबूनही टॅबलेट जोडला जात नाही, अशी तक्रार ऐकू येते. ती सोय आयपॅडवर कधीच नव्हती, आणि अँड्रॉइडवरही आता ती मिळत नाही. तिच्या आठ आकडी पिनमधली त्रुटी २०११मध्ये उघड झाली. अवघ्या ११,००० प्रयत्नांत ती पिन शोधता येत असे. त्यापेक्षा अँड्रॉइड १० किंवा त्यापुढच्या फोनवर नेटवर्कच्या तपशिलात 'शेअर करा' म्हणा आणि दिसणारा क्यूआर कोड टॅबलेटच्या कॅमेऱ्याने टिपा. वृद्धांना पासवर्ड टाइप करायला लावण्याची वेळ त्यामुळे येत नाही.

वैदेही_स

उशिरा उत्तर देत आहे, त्याबद्दल क्षमस्व. तारायंत्री, आपण म्हटल्याप्रमाणे 'आयपी सेटिंग्ज'मध्ये 'स्टॅटिक' निवडलेले होते. त्याखालच्या चार रकान्यांत पत्ता, गेटवे आणि दोन डीएनएस कोणीतरी काळजीपूर्वक भरलेले होते. दिरांना विचारले, तेव्हा उलगडा झाला: तीन वर्षांपूर्वी जुना राउटर या टॅबलेटला अधूनमधून पत्ताच देत नसे आणि तो 'पत्ता मिळवत आहे' असे दाखवत अडकून राहत असे, म्हणून त्यांनी तो हाताने भरला आणि नंतर सारे विसरून गेले. मी 'डीएचसीपी' निवडले, साठवले आणि टॅबलेट पुढ्यात धरून बसले. 'इंटरनेट नाही' ही ओळ क्षणभराने नाहीशी झाली आणि आठवड्याभरातले निरोप एकामागून एक येऊ लागले. बाबा शेजारीच बसले होते. त्यांनी मला काही विचारले नाही, श्रवणयंत्र कानात नीट बसवले आणि थेट नातीला फोन लावला.

प्रिंटरचेही आपले म्हणणे खरे ठरले. तो त्याच दिवसापासून बंद होता आणि आम्ही शाई संपली असे समजत होतो. त्याच्यातही १९२.१६८.०.५० असा पत्ता हाताने भरलेला निघाला.

आता एकच शंका आहे. प्रिंटरला कायमचा पत्ता हवा असतो, नाहीतर लॅपटॉपला तो पुन्हा सापडत नाही, असे दीर म्हणतात. मग प्रिंटरमध्ये नवा पत्ता हाताने भरावा का?

तारायंत्री

बाबांचे बोलणे पुन्हा सुरू झाले हे वाचून फार आनंद झाला. दिरांचे म्हणणे योग्य आहे, फक्त जागा बदला. पत्ता प्रिंटरमध्ये न भरता राउटरमध्ये राखून ठेवा. राउटरच्या पानावर डीएचसीपीच्या विभागात पत्ता राखण्याची सोय असते. तिथे जोडलेल्या उपकरणांच्या यादीतून प्रिंटर निवडून त्याला १९२.१६८.१.५० द्या आणि प्रिंटर डीएचसीपीवरच ठेवा. मग त्याला दर वेळी तोच पत्ता मिळेल, आणि उद्या राउटर पुन्हा बदललात तर प्रिंटर जुन्या पत्त्याला धरून बसणार नाही. टॅबलेटसाठी पत्ता राखण्याची गरज नाही. कधी राखावासा वाटला, तर तडफ यांनी सांगितलेला मॅकचा पर्याय आधी बदला, नाहीतर राउटरमधली नोंद आणि टॅबलेटने सांगितलेला पत्ता जुळणार नाहीत.

वैदेही_स

तसेच केले. प्रिंटर सुरू झाला आहे. राउटरच्या मागे एक चिठ्ठी चिकटवली आहे आणि तिच्यावर राउटरचा पत्ता, प्रिंटरचा राखलेला पत्ता आणि आजची तारीख लिहिली आहे.